साथीचे दिवस आणि ऋतूंचे अन्न

महामारीचा इतिहास आपल्याकडे प्रायः दोन प्रकारच्या कागदांतून लिहिला गेला आहे. एक सरकारी कागद : मृतांचे आकडे, कायदे, हुकूम, विलगीकरणाच्या छावण्यांचे हिशेब. दुसरा चळवळीचा कागद : अग्रलेख, खटले, वधाच्या आणि फाशीच्या हकिकती. या दोहोंचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या दिवसांविषयी हे कागद बोलतात, त्या दिवसांत घरोघर चूल पेटत होती की नाही, आणि पेटत असली तर तिच्यावर काय शिजत होते, हा प्रश्न त्यांना सहसा पडलेला दिसत नाही. साथ महिनोन्‌महिने राहते. तेवढ्या अवधीत ऋतू पालटतात, सण येऊन जातात, एक भाजी बाजारातून नाहीशी होते आणि दुसरी येते. माणसे मृत्यूच्या छायेत राहतात हे खरेच. पण ती राहतात, म्हणजे रोज दोन वेळा त्यांना काहीतरी शिजवावे लागते. या दुसऱ्या वस्तुस्थितीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

साथ आणि ऋतू यांचा संबंध आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाविषयी आहे. माणसांची प्रकृती, आहार, बल, वय ही सारी भिन्न असताना एकाच व्याधीने एकाच वेळी सबंध जनपद कसे उद्ध्वस्त होते, असा अग्निवेशाचा प्रश्न आहे. वायू, उदक, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना समान असतात, त्या बिघडल्या म्हणजे असे घडते, असे आत्रेयाचे उत्तर आहे. येथे काल म्हणजे ऋतूच. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात ऋतुचर्येला स्वतंत्र अध्याय दिला आणि दोन ऋतूंच्या सांध्यावरील दिवस जपून घालवावेत असे सांगितले. जंतू आणि विषाणू यांचे ज्ञान झाल्यानंतर या उपपत्तीचे वैद्यकीय मूल्य मर्यादित ठरते, हे उघड आहे. पाडव्याला कडुनिंबाचा पाला खाल्ल्याने साथ टळत नाही. तथापि ऋतू बिघडला म्हणजे समाज बिघडतो ही जाणीव, आणि ऋतूप्रमाणे खाणे हे शहाणपणाचे लक्षण मानणारी रीत, या दोन्ही गोष्टी आपल्या स्वयंपाकघरांत शतकानुशतके टिकून राहिल्या. म्हणूनच साथीच्या दिवसांत त्या स्वयंपाकघरांचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

आधुनिक काळातील पहिला मोठा दाखला अर्थातच प्लेगचा. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. मांडवी हा बंदरालगतचा, धान्याच्या गुदामांनी गजबजलेला भाग होता, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. उंदीर धान्यामागे जातात आणि उंदरांवरील पिसवांतून रोग माणसात येतो; ही साखळी पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडली. म्हणजे जे अन्न माणसाला जगवते, त्याच्याच पोत्यांभोवती मृत्यू वावरत होता. ‘घरात उंदीर पडले’ एवढेच शब्द दख्खनच्या गावांत त्या काळी घर सोडण्यास पुरेसे होत. लोक गावाबाहेर शेतात झोपड्या घालून राहत आणि साथ ओसरल्यावर परतत. एखाद्या कुटुंबाने भरलेल्या कणग्या मागे ठेवून चार भांड्यांनिशी माळावर संसार थाटावा, हे दृश्य त्या पिढीला इतके परिचयाचे झाले की पुढे त्याचे कोणास नवल उरले नाही.

त्यातच १८९६-९७ हे दुष्काळाचेही वर्ष होते. साथ आणि दुष्काळ एकदम आले म्हणजे अन्नाच्या प्रश्नाची दोन रूपे दिसू लागतात. काहींना अन्न असते, पण ते रीतीप्रमाणे शिजवता आणि वाढता येत नाही. काहींना ते मुळातच नसते. पुण्यात १८९७ च्या मार्चपासून मेपर्यंत, रँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या आदेशाने, गोऱ्या शिपायांनी घरांची झडती घेतली. देवघर आणि स्वयंपाकघर यांत परके पाय पडले, सामानसुमान बाहेर काढले गेले, ही त्या वेळच्या तक्रारींतील वारंवार येणारी बाब आहे. या तक्रारींत सोवळ्याओवळ्याचा, म्हणजेच जातीचा, अभिमान मिसळलेला होता हे नाकारता येत नाही. पण घरातील स्त्रीच्या ताब्यात असलेली जी एकमेव जागा, तीच तिच्या हातून गेली, हा अर्थही त्यांत आहे, आणि तो फारसा कोणी वाचलेला नाही.

झडत्यांचे ते महिने म्हणजे चैत्राचे दिवस. चैत्रगौर तृतीयेला बसते ती अक्षय्यतृतीयेपर्यंत. त्या महिन्यात हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायका एकमेकींच्या घरी जातात. कैरी घातलेली वाटली डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे देतात-घेतात. या पदार्थांपैकी एकही महाग नाही, एकही दुर्मीळ नाही. त्यांचा सारा अर्थ जाण्या-येण्यात आहे. नेमके तेच जाणे-येणे साथ बंद करते. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत काय घडले, हे प्रत्येक शालेय विद्यार्थ्यास ठाऊक असते. त्या चैत्रात किती घरी गौर बसली आणि तिच्यापुढे काय ठेवले गेले, हे कोणत्याही पुस्तकात नाही.

याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांना संसर्ग झाला. ज्या बाईने वीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात जोतीरावांच्या बरोबरीने उपाशी मुलांच्या अन्नछत्राची धुरा वाहिली, तिचा अंत महामारीतील सेवेत व्हावा, यात एक संगती आहे. दुष्काळ आणि साथ ही तिच्या दृष्टीने एकाच कर्तव्याची दोन नावे होती. शिक्षणाच्या इतिहासात सावित्रीबाईंचे स्थान आता निर्विवाद आहे. अन्नदानाच्या इतिहासात ते अद्याप यथोचित नोंदले गेलेले नाही.

मुंबईतून निघालेली ही साथ पंजाबात पोचली ती १८९७ च्या ऑक्टोबरात. तत्कालीन जालंधर जिल्ह्यातील खटकड कलाँ या गावी तिचा प्रथम आढळ झाला. हे गाव भगतसिंगांच्या घराण्याचे मूळ गाव म्हणून आज प्रसिद्ध आहे. मी जेथे राहते त्या चंदीगडाहून जालंधरकडे जाताना ते वाटेत लागते. पुढील दहा वर्षांत पंजाबाइतकी हानी दुसऱ्या कोणत्याही प्रांताची झाली नाही. एकट्या १९०७ मध्ये तेथे सहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने दगावली. पंजाबातील प्लेगचा कळस सामान्यतः मार्च ते मे या महिन्यांत होत असे आणि कडक उन्हाळा लागला की तो ओसरे. म्हणजे गहू पिवळा पडून कापणीस येण्याचा, वैशाखीचा हंगाम हाच मृत्यूचाही हंगाम होता. पुण्यात चैत्र आणि पंजाबात वैशाखी, दोन्हीकडे नव्या अन्नाचा सण आणि साथ एकाच दारातून आत आल्या.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाची गोष्ट याहून भयाण आहे. जूनमध्ये मुंबईत तापाची पहिली लाट आली, सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी. त्या वर्षी पाऊस बहुतेक ठिकाणी फसला होता आणि युद्धामुळे महागाई होती. जे थोडे खरीप शेतात उभे होते, ते काढायला धडधाकट हात उरले नव्हते, कारण ही साथ म्हाताऱ्यांपेक्षा तरण्यांना अधिक नेत होती. हिंदुस्थानात एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या घटली. असे आपल्या शिरगणतीच्या इतिहासात पुन्हा घडलेले नाही. एवढ्या मोठ्या घटनेची साहित्यातील नोंद मात्र विस्मय वाटावा इतकी तुटपुंजी आहे. हिंदीत निरालांच्या ‘कुल्ली भाट’मध्ये तिचे पडसाद आहेत, उर्दूत राजिंदरसिंह बेदींची ‘क्वारंटीन’ ही कथा प्लेगवर आहे. मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त प्लेगचे दिवस येतात ते संसाराच्या ओघात. स्वयंपाक, आजारपण, पाहुणे आणि मरण ही जेथे एका पंगतीला बसतात अशी ती दृष्टी आहे. इतिहासकाराला जे साधले नाही ते या बाईला साधले, कारण तिने घर सोडून घटनेकडे पाहिले नाही, घरातूनच पाहिले.

या पार्श्वभूमीवर मला २०२० कडे यायचे आहे. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशव्यापी टाळेबंदीचा तोच पहिला दिवस. चंदीगडात संचारबंदी त्याआधीच लागू झाली होती. तीस वर्षांहून अधिक काळ या शहरात राहिल्यामुळे पाडव्याची तडजोड मला अंगवळणी पडली आहे. साखरेच्या गाठी येथे मिळत नाहीत, म्हणून बत्ताशांची माळ. आंब्याचे डहाळे मात्र मुबलक. कडुनिंबाची एक अडचण आहे. पंजाबात ध्रेक, म्हणजे आपला बकाणा निंब, सर्वत्र आढळतो आणि त्याचा पाला दुरून कडुनिंबासारखा दिसतो. त्याची फळे विषारी असतात. त्या सकाळी अंगणाबाहेर पडण्याची मनाई असताना शेजारच्या सरदारजींनी कुंपणावरून खऱ्या निंबाची डहाळी पुढे केली आणि म्हणाले, ‘‘भैणजी, एह असली है.’’ दोघांच्याही तोंडाला फडके बांधलेले होते. वर्षानुवर्षांच्या शेजारात पाडव्याची चौकशी त्यांनी त्या दिवशी प्रथमच केली.

चंदीगड हे आखलेले शहर आहे. ल कॉर्बुझिएच्या आराखड्यात प्रत्येक सेक्टर हा स्वतःची दुकाने, शाळा आणि हिरवळ असलेला स्वयंपूर्ण घटक कल्पिलेला आहे. टाळेबंदीत या कल्पनेची परीक्षा झाली. सेक्टर स्वयंपूर्ण होता तो दुकानांच्या बाबतीत. भाजीच्या बाबतीत नव्हे. भाजी यायची ती सेक्टर २६ च्या मंडईतून. प्रशासनाने शहर वाहतुकीच्या बसगाड्यांतून भाजी सेक्टरा-सेक्टरांत पाठवली, आणि पुढे मंडईतील गर्दी हटवण्यासाठी ती सेक्टर १७ च्या बसस्थानकावर हलवली. ज्या फलाटांवरून दिल्लीच्या गाड्या सुटत, तेथे दुधी आणि टिंड्यांचे ढीग लागले. त्याच सेक्टर २६ मध्ये बापूधाम ही दाट वस्तीची वसाहत आहे. शहरातील साथीचे ते सर्वांत मोठे केंद्र ठरले आणि कित्येक आठवडे तेथील लोक कुंपणाआड राहिले. शहराला भाजी पुरवणारा सेक्टर तोच, आणि उंबरठ्याबाहेर पडण्याची बंदी सर्वांत कडक होती तो सेक्टरही तोच. मे महिन्यात उत्तर प्रदेश-बिहारकडे श्रमिकांच्या गाड्या निघाल्या, तेव्हा आमच्या भागातील भाजीचा हातगाडीवालाही गेला. त्याचे नाव आपण कधी विचारले नव्हते, हे मला तो गेल्यावर कळले.

ऋतू मात्र थांबला नाही. मार्चअखेर तुतीची फळे पदपथांवर पडून काळी पडली; एरवी ती वेचायला येणारी मुले आली नाहीत. एप्रिलच्या आरंभी जालंधरच्या गच्च्यांवरून धौलाधारची हिमशिखरे दिसू लागली. शेतांत गहू तयार होता. पंजाबातील गहूखरेदी १५ एप्रिलपासून सुरू झाली, शेतकऱ्यांना ठरावीक दिवसाचे परवाने देऊन. वैशाखी आली, पण मेळे भरले नाहीत. दूर कोकणात हापूस उतरला होता. मुंबईची घाऊक बाजारपेठ अडखळल्यामुळे कित्येक बागायतदारांनी पेट्या थेट गृहसंकुलांच्या दारांशी नेल्या. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलांत मोहफुले गळून पडण्याचा काळही हाच. ती वेचणाऱ्यांना फुले मिळाली, गिऱ्हाईक मिळाले नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. ऋतूच्या अन्नाचे कौतुक ही सुस्थितांची चैन नाही काय? ज्याला शिधा मिळण्याची शाश्वती नाही, त्याला आंब्याच्या डाळीचे काय? आक्षेपात तथ्य आहे. मी स्वतः निवृत्तिवेतनावर, भरल्या घरात ते दिवस काढले, आणि त्याची जाणीव ठेवूनच हे लिहीत आहे. पण तो पूर्णतः खरा नाही. मोहफुले, पावसाळ्याच्या तोंडाशी उगवणारा टाकळा आणि कुरडू, पुढे येणारी करटुली, ही गरिबाचीच ऋतुचर्या आहे. किंबहुना ऋतूवर खरोखर अवलंबून असतो तो गरीबच. श्रीमंताला बारमाही फळे मिळतात. ऋतूचे अन्न चैन झाले ते शहरात, दुकानात, आणि अलीकडे. साथीने केले ते एवढेच, की हे अवलंबन सर्वांच्या नजरेस आणून दिले.

जपानी भाषेत एखादे फळ, भाजी वा मासा ऐन बहरात असण्याच्या अवधीला ‘शुन’ असा शब्द आहे, आणि तेथील पाकसंस्कृती त्याभोवती गुंफलेली आहे. २०२० च्या वसंतात तेथेही चेरीच्या झाडांखाली मंडळी जमवून खाणेपिणे करू नका, असे सांगावे लागले. आपल्याकडे ‘नव्हाळी’ हा शब्द आहे. तो कोवळेपणाचा आहे, पहिलेपणाचा आहे आणि क्षणभंगुरतेचाही. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ महिन्यांच्या क्रमाने लिहिले, ते १९५६ मध्ये. टाळेबंदीत ज्यांना वाराची आणि तारखेची शुद्ध राहिली नव्हती, त्यांना ही क्रमव्यवस्था किती सखोल आहे याचा प्रत्यय आला असेल. सोमवार-मंगळवार सारखेच झाले होते. पण तुती संपली आणि कैरी आली, एवढे नक्की कळत होते.

आणखी एका घटनेचा निर्देश आवश्यक आहे, कारण ती महाराष्ट्र आणि पंजाब यांना जोडते. नांदेडच्या हजूर साहिबला यात्रेसाठी गेलेले सुमारे चार हजार शीख भाविक टाळेबंदीत तेथेच अडकले. महिनाभराहून अधिक काळ मराठवाड्याच्या भूमीवरील लंगरांनी त्यांना जेवू घातले. एप्रिलअखेर ते बसगाड्यांनी पंजाबात परतले, आणि त्यांतील शेकडो जणांना संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. मग काही दिवस ‘नांदेडहून आलेले’ हा शब्दप्रयोग येथे संशयाने उच्चारला जाऊ लागला. माझ्या ऐकण्यात तो आला तेव्हा मला नामदेवांची आठवण झाली. ज्या मराठी संताने पंजाबात घुमानला वास्तव्य केले, ज्याची पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्याच्या वाटेनेच हे लोक गेले-आले होते. १८९७ मध्येही रोगाला गावाचे, प्रांताचे, जातीचे नाव चिकटवण्याची अशीच घाई झाली होती. लंगराने मात्र कोणासही कोठला म्हणून विचारले नव्हते.

माझी थोरली बहीण पुण्याला असे. दर फाल्गुनात तिच्याकडून मेतकूट, गोडा मसाला, सांडगे आणि आंबापोळी यांचे पुडके येई. २०२० मध्ये ते निघालेच नाही. त्याऐवजी रोज सायंकाळी तिचा दूरध्वनी येऊ लागला. अक्षय्यतृतीया २६ एप्रिलला होती. आदल्या दोन दिवसांत येथे धुळीची वादळे झाली आणि आवारातल्या झाडाच्या कोवळ्या कैऱ्या खाली पडल्या. मी त्या वेचल्याचे सांगताच तिने विचारले, ‘‘कोय धरली आहे का गं?’’ नव्हती धरली. ‘‘मग सालासकट किसून घाल डाळीत.’’ डाळ झाली. द्यायला कोणाच्या घरी जाण्याची सोय नव्हती, म्हणून एक वाटी कुंपणाच्या कठड्यावर ठेवून मी मागे सरले, आणि सरदारजींच्या सुनेने ती नेली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती गुळाच्या खड्यांनी भरून. रिकामे भांडे परत करू नये हा संकेत दोन्ही प्रांतांत सारखाच आहे.

पुढल्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला, तेव्हा दुसरी लाट शिगेला पोचत होती. त्याच चैत्रात, पाडव्यानंतर अकराव्या दिवशी, ताई रुग्णालयात गेली. मला जाता आले नाही. तिच्या अंत्यसंस्कारास घरातील कोणासच जाता आले नाही. हे त्या वर्षी सहस्रावधी कुटुंबांच्या वाट्याला आले. त्यात माझे वेगळे असे काही नाही. मला सांगायचे आहे ते पुढचे. तिच्या सामानात एक वही निघाली, आणि भाच्याने ती मला पाठवली. टाळेबंदीच्या पहिल्या दिवसापासून तिने त्या वहीत रोज काय शिजवले याची एका ओळीत नोंद ठेवली होती. भाजी मिळाली नाही तर तसे; कोणी काही आणून दिले तर त्याचे नाव; शेजारी कोणी गेले तर तेही, त्याच ओळीत. पाडव्याच्या नोंदीत श्रीखंड नाही, शेवयांची खीर आहे. २६ एप्रिलच्या नोंदीत तिच्या स्वतःच्या स्वयंपाकाखाली लिहिले आहे : ‘चंदीगडला आंब्याची डाळ झाली.’

या वहीला कोणी ऐतिहासिक साधन म्हणणार नाही. परंतु १८९७ च्या पुण्यातील अशी एक वही आज हाती आली, तर तिच्यासाठी आपण काय द्यायला तयार होऊ? लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे; त्यात कृती आहेत, पण त्या कोणत्या दिवशी, कोणत्या अभावात, कोणासाठी केल्या गेल्या हे नाही, आणि तो त्या पुस्तकाचा हेतूही नव्हे. २०२०-२१ मधल्या अशा वह्या, याद्या, वाण्याच्या चिठ्ठ्या महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर असंख्य घरांत अद्याप असतील. त्या लिहिणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत आहेत, घरे रिकामी होत आहेत, आणि रद्दीवाले पुन्हा दारोदार फिरू लागले आहेत. साहित्याच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ग्रंथालयात जाण्यापूर्वी एकदा आपापल्या घरातील फळ्या पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे. ताईची वही मी जपून ठेवली आहे. तिच्यात शेवटची नोंद पाडव्यानंतरच्या दहाव्या दिवसाची आहे : ‘ताप. पेज. कैऱ्या आल्या आहेत, उद्या बघू.’